लालबागचं मुठेल आणि त्याचा घरचा बाम: पाचात साडेतीन

आधी निकाल सांगते. लालबागच्या एका दुकानातून मुठेल, म्हणजे कोकमाचं घट्ट तेल, आणलं: माल चांगला, भाव रास्त, पॅकिंग रामभरोसे. हातपाय फुटणाऱ्यांनी जरूर घ्यावं, पण नुसतं चोळायला नव्हे, बाम करायला.

माझं परळला पोळी-भाजी केंद्र आहे. कोरडं पीठ हातावरचं तेल शोषून घेतं, त्यावर भांड्यांचा साबण, त्यावर तव्याची धग. बोटांच्या पेरांना चिरा पडतात आणि त्यात मिरचीचा हात लागला की काय होतं ते ज्याचं त्याला माहीत. मुंबईच्या दमट हवेत कसली आलीय कोरडी त्वचा, असं म्हणणाऱ्यांनी एक दिवस माझ्या परातीपुढे बसून बघावं. एसीखाली बसणाऱ्या माझ्या जावेचीही हीच रड आहे, पण तिला बाजारातलं सुगंधी क्रीम चालतं. मला चालत नाही. लव्हेंडरच्या वासाची पोळी गिऱ्हाईक एकदाच घेईल.

मुठेल म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल. तेल म्हणायचं एवढंच, असतं ते दगडासारखं घट्ट. कोकमाची सालं आमसुलांना जातात, उरलेल्या बिया वाळवून फोडतात, आतला गर कुटून पाण्यात उकळतात. वर आलेला तवंग थिजला की मुठीत दाबून त्याचे लांबट गोळे करतात. खाण्यातलंच आहे, त्यामुळे हाताला लावून स्वयंपाकघरात वावरायला जीव धजावतो. माझ्या सासूबाई देवगडच्या. त्या गोळा दिव्याच्या ज्योतीवर धरून पाघळलेला थेंब टाचेच्या भेगेत सोडायच्या. भेग बुजायची, पण तो चटका मला काही सोसत नाही. आणि गोळा तसाच चोळावा, तर साध्या हवेत त्याचा भुगा पडतो.

दुकान लालबागच्या मसाला गल्लीपासून चार पावलांवर. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि मला तिथेच परत जायचंय. पाव किलोला अडीचशे रुपये पडले. काकांना विचारलं, जुनं तर नाही ना? ते म्हणाले, "ह्यां यंदाचांच आसा, ताई." पिशवीवर ना तारीख, ना वजन, ना गावाचं नाव. त्यामुळे मी नखाने थोडं खरवडून वास घेतला. चांगल्या मुठेलाला मंद, जरासा खोबऱ्याकडे झुकणारा वास असतो. खवट, ऑइलपेंटसारखा वास आला तर उचलू नका. गोळा फिकट पांढरा ते पिवळसर असावा. करड्या रंगाचे दोन निघाले, ते मी बदलून मागितले. काकांनी कुरकुरत का होईना, बदलून दिले.

गोळ्यांत बियांची टरफलं निघतात, ही मोठी तक्रार. दुसरी त्याहून महत्त्वाची: उकळून काढलेलं असल्याने आत पाण्याचा अंश राहू शकतो. बामात पाणी गेलं की बुरशीला आमंत्रण. म्हणून आधी सगळं मुठेल वाटीत घालून, ती वाटी उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवून वितळवते, मलमलीतून गाळते आणि स्थिर राहू देते. तळाशी पाणी बसलं तर वरचं तेवढं अलगद काढून घेते. शुद्ध केलेलं, बिनवासाचं कोकम बटर ऑनलाइन मिळतं, त्यात हा उपद्व्याप नाही. पण ते महाग पडतं.

मेण मी प्रिन्सेस स्ट्रीटवरून आणते. मधमाश्यांचंच हवं, मेणबत्तीचं पॅराफिन नको. चिमूटभर घेऊन बोटांत मळलं की खरं मेण मऊ होतं आणि मधाचा वास सोडतं.

आता प्रमाण. शंभर ग्रॅम बामाला मुठेल ३० ग्रॅम, मेण १२ ग्रॅम, खोबरेल ५८ ग्रॅम. डिजिटल काटा नसेल तर हा खेळ करू नका, चमच्याने मेणाचा अंदाज कायम चुकतो. मेण ६२ ते ६४ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून ते पहिलं. मग मुठेल, शेवटी खोबरेल. सगळं एकजीव झालं की कोरड्या खटखटीत डब्यांत ओतून लगेच फ्रिजमध्ये. ओट्यावर सावकाश गार होऊ दिलं तर मुठेलाचे रव्यासारखे कण धरतात. अंगाला लावल्यावर ते विरघळतात, पण बोटाला आधी खरखर लागते. कण धरलेच तर पूर्ण वितळवून पुन्हा झटकन गार करा. जानेवारीत मेण ८ ग्रॅमवर आणते आणि तेवढं खोबरेल वाढवते, नाहीतर बाम खरवडून काढावा लागतो.

मुठेलच का, शिआ बटर (आफ्रिकेतल्या शिआ झाडाच्या बियांचं घट्ट तेल) का नाही? इंटरनेटवरच्या बहुतेक कृती थंड देशांतल्या. त्यांच्या प्रमाणाने शिआचा बाम केला होता, तो मे महिन्यात माझ्या स्वयंपाकघरात डबीत डुचमळायला लागला. शिआ बत्तीस-पस्तीस अंशांच्या आसपासच पाघळायला लागतं आणि तव्याशेजारी त्याहून जास्तच असतं. मुठेल चाळिशीच्या आसपास वितळतं. मेणाच्या जोडीने ते उन्हाळ्यातही उभं राहतं, आणि हातावर चोळलं की खोबरेलामुळे पसरतं. शिवाय लवकर जिरतं, पाच मिनिटांत पदराला हात पुसावा लागत नाही.

खरं सांगायचं तर त्वचेतलं पाणी अडवायच्या कामात साधी पेट्रोलियम जेली याहून सरस आणि स्वस्त आहे. ज्यांना तिचा चिकटपणा चालतो, त्यांनी एवढा खटाटोप कशाला करावा? मला तो चालत नाही, एवढाच माझा मुद्दा. बामात स्वतःचं पाणी नसतं, असलेलं तो धरून ठेवतो. त्यामुळे कोरड्याठाक हातावर लावून उपयोग नाही. दुपारची शेवटची ऑर्डर गेली की हात धुवायचे, ओलसर असतानाच हरभऱ्याएवढा बाम चोळायचा. टाचांना रात्री, वरून सुती मोजे. पेरांच्या चिरा यानेच मिटल्या. टाचेच्या जुन्या भेगा मऊ पडल्या, पण गेल्या नाहीत, तिथे अर्धा तारा कापला. भेगेतून रक्त येत असेल किंवा भेगा पडलेल्याला मधुमेह असेल, तर बाम बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. पहिल्यांदा लावताना कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून एक दिवस बघा.

व्हिटॅमिन ई घाला म्हणजे बाम वर्षानुवर्षं टिकतो, असं कुणी सांगेल. त्याने तेल खवट व्हायला उशीर लागतो, बुरशी थांबत नाही. माझ्याकडे डब्या छोट्या आहेत, ओलं बोट आत घालायचं नाही हा नियम आहे आणि तेवढं पुरतं.

उरलेला एक तारा दुकानाच्या पॅकिंगचा. वर्तमानपत्रात गुंडाळून पातळ पिशवीत दिलेलं मुठेल घरी येईपर्यंत शाईचा वास घेऊन येतं. आपला झाकणाचा डबा घेऊन जा, काका त्यातच तोलून देतात. कोकमाचा हंगाम एप्रिल-मेचा, तेव्हा पाऊस लागायच्या सुमाराला चौकशी केलेली बरी. सोमवारी दुकान बंद. दुपारी शटर अर्धं खाली असतं, पण हाक मारली की देतात.