ऑक्सफर्डचं नॅचरल हिस्टरी म्युझियम : जबड्यासमोरचा अर्धा तास

साताऱ्याच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं, पण डायनोसॉर फक्त पुस्तकातल्या चित्रात. मुलीकडे आले तेव्हा ती इथे घेऊन आली. प्रवेश मोफत. वर काचेचं छत, आणि प्रत्येक दगडी खांब ब्रिटनमधल्या वेगळ्या खडकाचा!

मी मात्र मेगॅलोसॉरसच्या जबड्यापाशीच थांबले. जुन्या दातांशेजारी नवे दात वर येताना स्पष्ट दिसतात. 1824 मध्ये ऑक्सफर्डचे भूशास्त्रज्ञ विल्यम बकलंड यांनी याच प्राण्याचं वर्णन छापलं. शास्त्रीय नाव मिळालेला हा पहिला डायनोसॉर, आणि 'डायनोसॉर' हा शब्द तर 1842 चा.

बकलंड मूळचे पाद्री. यॉर्कशरच्या कर्कडेल गुहेत तरसांची आणि इतर प्राण्यांची हाडं सापडली, तेव्हा ती बायबलमधल्या महापुरात वाहून आली असं मानणं त्यांना सोपं होतं. त्यांनी काय केलं? जिवंत तरसाला हाडं खायला घातली, उरलेले तुकडे गुहेतल्या तुकड्यांशी ताडून पाहिले. खुणा जुळल्या. गुहा तरसांचीच! किती सुंदर प्रयोग, सातवीच्या मुलांनाही कळेल असा.

ते चुकलेही. वेल्समधल्या पॅव्हिलंड गुहेतला सांगाडा त्यांना रोमन काळातल्या बाईचा वाटला; तो निघाला तेहतीस हजार वर्षांपूर्वीच्या तरुणाचा. तोही याच संग्रहात आहे.

मुलं बरोबर असतील तर पूर्ण दिवस ठेवा. मागच्याच दारातून मानववंशशास्त्राच्या पिट रिव्हर्स म्युझियममध्ये जाता येतं. आम्हाला तिथे पोचायला चार वाजले.