खेड्यातल्या घरासाठी सर्व्हर: जुना लॅपटॉप, रास्पबेरी पाय, असेंबल्ड डेस्कटॉप की वापरलेला मिनी पीसी?

घरातील सर्वांच्या मोबाइलमधले फोटो एका जागी राहावेत, वडिलांनी जपून ठेवलेले सातबारा, आठ-अ आणि फेरफाराचे कागद स्कॅन होऊन सुरक्षित राहावेत आणि संध्याकाळी आईला टीव्हीवर कीर्तन लावता यावे, एवढ्याच गरजेसाठी मी घरी सर्व्हर ठेवायचे ठरवले. डिस्क धरून पंधरा हजारांच्या वर जायचे नाही, ही मर्यादा होती. घर यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात आहे आणि मी शाळेतल्या नोकरीमुळे सोमवार ते शनिवार तिथून सत्तर किलोमीटरवर राहतो. यातली शेवटची गोष्टच सगळा निर्णय फिरवणार आहे, हे मला चारपैकी तीन मार्ग चालून पाहिल्यानंतर कळले. इमिच (फोटोंसाठी), जेलीफिन (व्हिडिओंसाठी), सांबा (फाइलींसाठी) हे काय आहे आणि लिनक्स कसे बसवायचे, हे वाचणाऱ्याला ठाऊक आहे असे मी धरून चालतो.

सुरुवात मी घरात पडून असलेल्या जुन्या लॅपटॉपने केली. खर्च शून्य, स्क्रीन आणि कीबोर्ड अंगचेच, आणि बॅटरी आहे म्हणजे यूपीएसचीही गरज नाही, हा हिशेब कागदावर कोणालाही पटेल. पहिला हिवाळा तसा बराही गेला. पण चोवीस तास चार्जरला लावलेली, कायम शंभर टक्के भरलेली बॅटरी आणि विदर्भातला मे महिना यांचे जमत नाही. पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की पत्र्याखालची खोली दुपारीच नव्हे, तर रात्री अकरालाही तापलेली असते. मेच्या शेवटी घरी गेलो तेव्हा टचपॅड एका बाजूने वर आलेला दिसला. लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवला तर डुगडुगत होता आणि तळाच्या झाकणाचा मधला भाग बोटाला फुगीर लागत होता. अशी बॅटरी घरात एक रात्रही ठेवू नये, म्हणून ती त्याच दिवशी काढून टाकली. चार्जिंग साठ किंवा ऐंशी टक्क्यांवर थांबवण्याची सोय काही मॉडेलमध्ये असते. तुमच्याकडच्या लॅपटॉपमध्ये ती असेल तर माझा अनुभव तुम्हाला तितकासा लागू होणार नाही, हेही सांगितले पाहिजे.

खरी अडचण बॅटरी काढल्यानंतर सुरू झाली, आणि ज्या एका त्रासाने माझ्यापुरता निकाल लावला तो हाच. वीज गेली की लॅपटॉप बंद पडायचा आणि वीज आल्यावर तसाच पडून राहायचा, कारण बहुतेक लॅपटॉप वीज आली म्हणून आपोआप सुरू होत नाहीत. कोणीतरी बटन दाबावे लागते. ऑफिसात वापरल्या जाणाऱ्या काही मोजक्या मॉडेलमध्ये चार्जर जोडताच सुरू होण्याची सेटिंग असते, माझ्यात ती नव्हती. मग मी शाळेच्या मधल्या सुट्टीत आईला फोन करायचो. ती हातातले काम टाकून आतल्या खोलीत जायची, बटन दाबायची, जरा जास्त वेळ दाबले गेले की सुरू होता होता ते पुन्हा बंद व्हायचे, आणि तासाभराने वीज गेली की सगळे पहिल्यापासून. एका दिवशी ती म्हणाली, "लाइन येऊन रायली, जाऊन रायली, मी किती खेपा बटन दाबू बाबू?" तिचे खरे होते. तिच्या सोयीसाठी ठेवलेल्या यंत्राची राखण तिच्याच गळ्यात पडली होती. त्या दिवसापासून प्रोसेसरचा वेग, रॅम, पोर्ट हे सगळे मी दुसऱ्या रांगेत ठेवले आणि पहिला प्रश्न एकच ठेवला: वीज जाऊन आल्यावर हे यंत्र कोणाचाही हात न लागता उठते का?

घरी इन्व्हर्टर असताना वीज जाण्याची चिंता कशाला, असे कोणी विचारेल. इन्व्हर्टरमध्ये यूपीएस मोड आणि साधा मोड असे दोन प्रकार असतात. यूपीएस मोडमध्ये बॅटरीवर बदल इतका झटपट होतो की संगणकाला ते कळतही नाही. पण त्या मोडमध्ये इन्व्हर्टर साधारण १८० व्होल्टच्या खालची वीज घेत नाही. आमच्याकडे रब्बीत गहू-हरभऱ्याच्या ओलितासाठी पंप सुरू झाले की डीपीवर भार येतो आणि घरात १६०-१७० व्होल्टच पोहोचतात. परिणाम असा की वीज असूनही इन्व्हर्टर बॅटरीवरच चालत राहतो, बॅटरी चार्ज होत नाही आणि रात्री खरोखर वीज गेली की घरात अंधार. म्हणून खेड्यात बहुतेक जण साधा मोड ठेवतात, जो शंभर व्होल्टच्या आसपासपर्यंतची वीज चालवून घेतो, पण ज्यात बदल सावकाश होतो. दिवे क्षणभर मिटून पुन्हा लागतात, तेवढ्या क्षणात डेस्कटॉप रीस्टार्ट होतो. इन्व्हर्टर आहे म्हणून निर्धास्त राहण्यापूर्वी त्याच्या मागच्या बाजूचा तो लहान स्विच कुठे आहे, हे एकदा पाहून घ्यावे.

या कसोटीवर रास्पबेरी पाय, म्हणजे तळहातावर मावणारा एका बोर्डाचा संगणक, पहिल्याच फटक्यात उतरतो. वीज मिळाली की तो सुरू होतो. बटनाचा प्रश्नच नाही. पाय ४ घेतला तेव्हा आईचे फोन खरोखरच थांबले आणि पंखा नसलेल्या धातूच्या डब्यात तो उन्हाळ्यातही टिकून राहिला, याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. पण वीज अचानक जाण्याचा घाव त्याने दुसरीकडे घेतला. चौथ्या महिन्यात मेमरी कार्ड खराब झाले, कारण लिहिणे चालू असताना वीज तुटणे हे स्वस्त कार्डाला फार काळ सोसत नाही. मग यूएसबीवरून एसएसडी लावली, तर व्होल्टेज कमी पडत असल्याची सूचना येऊ लागली. पाय ४ च्या चारही यूएसबी पोर्टना मिळून १.२ अँपिअरच मिळतात, आणि एक एसएसडी व एक पोर्टेबल हार्ड डिस्क एकत्र लावली की ते पुरत नाहीत. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेला पाय ५ पुष्कळ वेगवान आहे, मात्र त्याला ५ व्होल्टवर ५ अँपिअर देणारा अ‍ॅडाप्टर हवा. मोबाइलचा किंवा टाइप-सी लॅपटॉपचा मोठा चार्जर लावून भागत नाही, आणि असा अ‍ॅडाप्टर बिघडला तर तालुक्याच्या बाजारात तो मिळेल अशी आशा ठेवू नये. बोर्ड, अ‍ॅडाप्टर, डबा, एसएसडी आणि ती जोडण्याचे सामान यांची बेरीज केली की स्वस्ताईही उरत नाही. फक्त फाइल आणि जाहिराती अडवण्याचे काम असेल, तर पाय आजही चांगला आहे. फोटोंतले चेहरे ओळखणे किंवा व्हिडिओचे रूपांतर करणे अपेक्षित असेल, तर मात्र मी त्याच्या वाटेला जाणार नाही. पाय ५ मध्ये तर व्हिडिओ एन्कोड करणारे हार्डवेअरच नाही.

जुन्या सुट्या भागांचा असेंबल्ड डेस्कटॉप हा आपल्याकडचा सर्वात ओळखीचा मार्ग आहे. बंद झालेल्या संगणक वर्गातली किंवा सायबर कॅफेतली मशीन अगदी किरकोळ किमतीत मिळते, साडेतीन इंची मोठ्या डिस्क आत बसतात, एसएमपीएस (आतला वीजपुरवठ्याचा डबा) जळाला तरी तालुक्यातला कोणताही मेकॅनिक अर्ध्या तासात दुसरा बसवून देतो. दुरुस्तीच्या सोयीत याला तोड नाही. मी एका मित्राचा डेस्कटॉप दोन महिने चालवून पाहिला. अशी मशीन रिकामी बसलेली असतानाही पन्नास वॅटच्या आसपास खाते, म्हणजे महिन्याला ३६ युनिट. ज्या घराचे बिल शंभर युनिटांच्या टप्प्याच्या आत राहते, त्या घराला ही वाढ पुढच्या, महागड्या टप्प्यात नेऊ शकते. मी मीटर लावून मोजमाप केलेले नाही, पण एरवी पहाटेपर्यंत पंखे चालवणारा इन्व्हर्टर त्या दोन महिन्यांत रात्री दोनलाच सूचना देऊ लागला, हे घरातल्या सर्वांनी अनुभवले. एप्रिल-मे मध्ये ही तडजोड मला मान्य होण्यासारखी नव्हती.

गेली दोन वर्षे माझ्या घरी आहे तो नागपुरातून, सीताबर्डीहून आणलेला वापरलेला मिनी पीसी: पुस्तकाएवढा, सहाव्या पिढीच्या आय-५ चा, ३५ वॅटच्या प्रोसेसरचा. डेल ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोव्हो थिंकसेंटर टायनी आणि एचपीचे मिनी हे तिन्ही प्रकार कंपन्यांच्या कार्यालयांतून निघून बाजारात येतात आणि माझ्या मते त्यांच्यात निवड करण्यासारखा मोठा फरक नाही. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते, त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीच्या मशीन कार्यालयांना नकोशा झाल्या आहेत. लिनक्सला त्याने काहीच फरक पडत नाही. व्हिडिओचे काम असेल तर सातवी पिढी मिळते का पाहावे, कारण १० बिटचे एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून साठवण्याची एक पद्धत) तिथपासून हार्डवेअरवर चालते. रॅम मात्र मशीनसोबतच आठऐवजी सोळा जीबी मागून घ्यावी. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव इतके चढले आहेत की नंतर वाढवणे अंगाशी येते.

या मशीनच्या बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर) 'आफ्टर पॉवर लॉस' किंवा 'एसी रिकव्हरी' नावाची सेटिंग असते. तिथे 'पॉवर ऑन' निवडले की माझा मुख्य प्रश्न सुटला. शिवाय हिला लॅपटॉपसारखा बाहेरचा अ‍ॅडाप्टर लागतो, जो १०० ते २४० व्होल्ट घेतो, म्हणजे रब्बीतल्या १६० व्होल्टचे त्याला काही वाटत नाही. ६५ वॅटच्या अ‍ॅडाप्टरवर दहा-बारा वॅटचाच भार असल्यामुळे इन्व्हर्टरच्या बदलाचा तो क्षणही ती बहुतेक वेळा निभावून नेते. एका एलईडी बल्बइतक्या विजेत हे सगळे होते. आता वीज तासन्‌तास गेली, इन्व्हर्टरही बसला, तरी वीज आल्यावर तीन-चार मिनिटांत मला वर्गाबाहेर उभे राहून टेलस्केलवरून (घरच्या नेटवर्कशी बाहेरून सुरक्षित जोडणाऱ्या सोयीने) घरचे फोटो उघडता येतात.

तक्रारीला जागा नाही असे नाही. नोव्हेंबरात कापूस वेचून आला की भाव मिळेपर्यंत तो आमच्या पुढच्या खोलीत छतापर्यंत रचलेला असतो. पहिल्या वर्षी संक्रांतीला मशीनचा आवाज वाढलेला वाटला म्हणून मागचा एक स्क्रू काढून झाकण सरकवले, तर पंख्यावर रुईचा असा सलग थर बसला होता की तो चिमटीत धरून पापडासारखा अख्खा उचलता आला. आता ती मागच्या खोलीत, कूलरच्या दमट झोतापासून दूर, भिंतीतल्या फळीवर आहे आणि दर दोन महिन्यांनी मी झाकण उघडतो. पंखा नसलेल्या पायला ही कटकट नव्हती. दुसरी उणीव म्हणजे आत अडीच इंची एकच डिस्क बसते, तीही ७ मिलिमीटर जाडीची, त्यामुळे दोन टीबीच्या पुढे जाणे कठीण. अशा डिस्क बहुधा एसएमआर प्रकारच्या (माहितीचे पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या) असतात आणि सलग मोठे लिखाण केले की मंदावतात. घरचे फोटो थोडे थोडे येत असल्याने मला ते जाणवले नाही. साडेतीन इंची डिस्क बाहेरून लावता येते, पण तिला स्वतंत्र अ‍ॅडाप्टर लागतो, म्हणजे वीज जाताना कोसळू शकणारी आणखी एक वस्तू. आतली डिस्क आणि आठवड्यातून एकदा जोडायची पोर्टेबल डिस्क एवढ्यावर मी थांबलो आहे, आणि ती पोर्टेबल डिस्क माझ्यासोबत नोकरीच्या गावी असते.

खिशात थोडे जास्त पैसे असतील तर इंटेल एन१०० प्रोसेसरचे नवे मिनी पीसीही विजेच्या बाबतीत फार चांगले आहेत. मी ते वापरलेले नाहीत, आणि अनोळखी ब्रँडची वॉरंटी खेड्यातून कशी निभवायची, या शंकेने मागे राहिलो.

वापरलेली मशीन घेताना दोन गोष्टींनी मला सुरुवातीला दगा दिला. आतली सीआर२०३२ ची गोल बॅटरी संपलेली असेल तर वीज जाताच बायोसच्या सेटिंग पुसल्या जातात आणि आपोआप उठण्याची सोयही त्यांच्याबरोबर जाते. ही बॅटरी आधीच बदलून घ्यावी. आणि काही मशीनना मूळ कंपनीचाच अ‍ॅडाप्टर लागतो. दुसरा लावला तर त्या चालू होताना एफ१ दाबण्याची वाट पाहत थांबतात, म्हणजे पुन्हा आईला फोन. त्यामुळे पैसे मोजण्यापूर्वी दुकानातच ती सेटिंग लावावी, कीबोर्ड काढून ठेवावा, भिंतीतली पिन उपसून पाच मिनिटे थांबावे, पिन परत लावावी आणि हात मागे घेऊन दिवा लागतो का ते पाहावे.