भिंतीत सरकणाऱ्या दाराला लॉक कुठलं: कडी, गोल भोकाचं, खाचेचं की मॉर्टाईज हुक

"ताई, आता कडी कुठं लावू?" कारपेंटरने हे विचारलं तेव्हा दार ट्रॅकवर लटकत होतं, भिंत बोर्डाने बंद झाली होती आणि रंगाचा पहिला हात पण मारून झाला होता. नाशिकला इंदिरानगरमध्ये आमचा जुना टू बीएचके आहे, बाथरूमचं दार पॅसेजमध्ये उघडायचं आणि आईचा वॉकर नेमका तिथे अडकायचा, म्हणून भिंतीच्या आत जाणारं दार, ज्याला सगळे पॉकेट डोअर म्हणतात, ते करून घेतलं. ट्रॅक, दाराची जाडी, सनमायका, सगळ्याचा विचार केला पण लॉकचा नाही केला. तीन लॉक बदलून झाल्यावर जे कळलं ते लिहितेय. आमच्याच सोसायटीत २०२७ च्या सिंहस्थाला पाहुणे येणार म्हणून चार घरांत बाथरूमची कामं काढलीयत आणि त्यातले दोघं हेच दार करतायत, म्हणजे हा प्रश्न माझ्या एकटीचा नाही.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसू द्या, मग पुढचं सोपं जातं. नेहमीच्या बिजागरीच्या दाराला बोल्ट चौकटीत शिरतो आणि दार त्याला आडवं हलू बघतं, म्हणून ते अडतं. सरकत्या दारात बोल्ट ज्या रेषेत बाहेर येतो त्याच रेषेत दार मागे जातं, त्यामुळे सरळ बोल्ट चौकटीत कितीही खोल गेला तरी दार ओढलं की तो आपला सरळ बाहेर. आपल्या जुन्या वाड्यांतला अडसर आठवा, भिंतीतल्या भोकातून ओढून दाराच्या पाठीमागे आडवा घालायचे, दार ढकललं की तो वाटेत आडवा असायचा. इथे पण तसंच काहीतरी आडवं लागतं, आणि ते काम करतो हुक, म्हणजे बाहेर येऊन चौकटीवरच्या पट्टीच्या मागे वळणारा आकडा. दुकानात मला आधी बेबी लॅच दिला, बाथरूमला हाच चालतो म्हणाले, आणि खरंच बऱ्याच बाथरूमना तोच असतो, पण तो सरळ बोल्टवाला. बसवला, आतून लावला, माझ्या मुलाने बाहेरून दोन बोटांनी दार सरकवलं, उघडलं. तेव्हा दुकानात शब्द वापरताना "सरकत्या दाराचं हुक लॉक" असाच वापरा, नुसतं "बाथरूम लॉक" म्हणू नका.

साधी कडी किंवा टॉवर बोल्ट सगळ्यात स्वस्त, घरच्या घरी स्क्रूने बसते, म्हणून सगळे आधी तिथेच जातात. आम्ही पण गेलो. अडचण अशी की दार भिंतीच्या पोकळीत जातं तेव्हा दोन्ही बाजूंना जेमतेम ६ ते ८ एमएम मोकळं असतं, त्यापेक्षा काहीही वर आलं की ते पोकळीच्या कडेला आपटतं. मग दार तेवढं बाहेरच ठेवावं लागतं. आमच्या बाथरूमची मोकळी जागा ७५० एमएम, त्यातले ६० एमएम दाराने खाल्ले तर वॉकर पुन्हा अडकतो, म्हणजे दार केलं कशासाठी? स्टोअररूम, देवघर अशा ठिकाणी दार थोडं बाहेर राहिलं तरी चालतं, तिथे खुशाल कडी लावा, बाथरूमला नको.

गोल भोकाचं प्रायव्हसी लॉक ऑनलाइन खूप दिसतं. दाराला समोरून साधारण ५४ एमएमचं आणि कडेने २५ एमएमचं भोक, होल सॉ, म्हणजे गोल भोक पाडायचं पातं, असला की अर्ध्या तासाचं काम. दिसायला छान, दोन्ही बाजूंना वाटीसारखा खोलगट भाग, आतल्या बाजूला लॉक लावायला फिरवायची बोटभर छोटी चावी. खाचेचं लॉक त्याचंच भावंड, दाराच्या कडेला इंग्रजी यू सारखी खाच कापायची आणि अख्खा तयार सेट त्यात सरकवून स्क्रू मारायचे, बसवायला हे सगळ्यात सोपं, आणि दार पूर्ण आत गेल्यावर बाहेर ओढायला कडेची पट्टी त्यातच येते. भाड्याच्या घरात, मुलांच्या खोलीत, किंवा दार आधीच लागलंय आणि मोठं खोदकाम नको आहे तिथे मी हेच सुचवेन. फक्त घेताना दोन गोष्टी बघा: आतला आकडा खरंच वळतो का (काही सेटमध्ये सरळ बोल्टच असतो, फोटोत कळत नाही), आणि दाराची जाडी. हे सेट बहुतेक ३५ एमएम आणि त्यापुढच्या दारासाठी असतात, आपल्याकडे आतली दारं ३० एमएमची पण असतात, मग वाट्या एकमेकींना आत भिडतात आणि स्क्रू आवळले की सनमायका फुगतो.

मला यातलं खरं नडलं ती आतली चावी. आईची बोटं संधिवाताने वाकलीयत. वाटीच्या आत ती चिमटीत धरायची छोटी चावी, त्यात हात साबणाचा. एक दिवस आतून हाक आली, "अगं, हे फिरत नाहीये." चौदा-पंधरा मिनिटं आम्ही दोघी दाराच्या दोन बाजूंना, ती घाबरलेली आणि मी तिला धीर देतेय. बाहेरून नाणं घालून उघडायची फट होती म्हणून सुटलो, पण ती फट इतकी बारीक की रुपयाचं नाणं जाईना, शेवटी पेचकस शोधून आणला. त्या दिवशी मी ठरवलं की घरात म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल तर लॉक आतून किती घट्ट बसतं त्याच्या आधी बाहेरून किती पटकन उघडतं ते बघायचं.

म्हणून शेवटी मॉर्टाईज हुक लॉक. यात लॉकची पेटी दाराच्या कडेतून आत खोदून बसवतात, वर फक्त पातळ पट्टी दिसते, आणि हँडल, आतली चावी, बाहेरची फट हे वेगळे भाग निवडता येतात. हाच याचा सगळ्यात मोठा फायदा. मी आईला घेऊन रविवार कारंजाच्या बाजूला दुकानात गेले, पाण्याची बाटली बरोबर, तिचे हात ओले केले आणि काउंटरवर एकेक चावी फिरवून बघायला लावली. दुकानदाराने पण न कंटाळता सात-आठ काढून दाखवल्या. तिला पसरट पंख्यासारखी जमली, अंगठा न वापरता नुसत्या तळहाताच्या कडेने फिरते. बाहेरची फट रुंद घेतली. पुढे पेटी बिघडली तर तेवढी पेटी बदलायची, दार तसंच राहतं. बाथरूमसाठी पट्टी आणि हँडल एसएस ३०४ चं, म्हणजे स्टेनलेस स्टीलचं घ्या, झिंकवरचं पॉलिश वाफेने आणि बोअरच्या पाण्याने लवकर सोलतं.

तोटे आहेतच. पैसे गोल लॉकपेक्षा जास्त जातात. आणि कारपेंटरचा हात बसलेला हवा, कारण पेटी साधारण १५ एमएम जाड, दार ३० एमएमचं असेल तर दोन्ही बाजूंना फक्त साडेसात एमएम लाकूड उरतं, पटाशी जरा तिरकी गेली की पृष्ठभागावर फुगा. ३५ चं दार असेल तर १०-१० उरतं, तेवढं पुरतं. फ्लश डोअर बनवून घेत असाल तर लॉकच्या उंचीवर आत सलग लाकूड टाका असं कारखान्यात आधीच सांगा, आणि हँडलची वाटी किती खोल ते पण बघा, दोन्हीकडून १२-१२ एमएम खोदलं तर ३० च्या दारात मध्ये ६ एमएमच राहतं आणि पेटी त्या रेषेत आली तर बसणारच नाही. कागदावर एकदा काढून बघा, पाच मिनिटं लागतात.

बेडरूम किंवा घरातलं ऑफिस असेल आणि बाहेरून किल्ली हवी असेल तर हेच मॉर्टाईज सिलिंडरसकट मिळतं, बाकी सगळं तेच.

बसवताना आमचा खरा वेळ गेला तो ग्रॅनाइटच्या चौकटीत. आपल्याकडे बाथरूमला ग्रॅनाइटची चौकट सर्रास असते, आणि हुकाला पट्टीच्या मागे वळायला पोकळी लागते. ग्राइंडरने ग्रॅनाइट खोदता येतं पण कोपरा उडायची भीती. आम्ही २० एमएमची डब्ल्यूपीसीची, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेली पट्टी चौकटीला उभी चिकटवली, तिच्यातच खाच केली. बाजूला दोन बारीक पट्ट्या लावून गाळा केला, दाराची कड त्यात शिरते, त्यामुळे फटीतून दिसत पण नाही. दार रुंदीला तेवढं कमी करायला लागलं, हे आधी कळलं असतं तर दार मापातच केलं असतं.

बाकी क्रम असा ठेवा. आधी वरच्या रोलरचे नट फिरवून दार ओळंब्यात आणा, लॉक लावल्यावर नट फिरवला की हुकाची उंची बदलते. मग फरशीपासून तीन फुटांवर दारात लॉक बसवा, वॉकर किंवा खुर्चीवरचं माणूस असेल तर थोडं खाली. चौकटीवरची जागा टेपने मोजत बसू नका, हुकाच्या टोकाला ओलं कुंकू लावा, दार मिटवून चावी फिरवा, जिथे लाल टिपका उठेल तिथे पट्टीची खाच. ती उंचीला दोन-तीन एमएम मोठी ठेवा, पावसाळ्यात दार फुगतं आणि मापात केलेली खाच जुलैमध्ये घासायला लागते. खोदलेल्या सगळ्या कच्च्या कडांना प्रायमरचा हात मारा, पाणी तिथूनच शिरतं. चौकटीला जाड रबर लावलं असेल तर ते दाराला मागे ढकलतं आणि हुक पूर्ण वळत नाही, लोक लॉकला नावं ठेवतात, रबर पातळ केलं की चालतं. आणि त्या पोकळीच्या भिंतीवर आरसा, टॉवेलचा दांडा लावायला लांब स्क्रू मारू नका, टोक आत निघतं आणि दार सरकताना सनमायक्यावर लांबच लांब ओरखडा. शेजारी घडलंय हे, गेल्याच महिन्यात.

आमच्या दाराच्या चौकटीवर आता पाच रुपयांचं एक नाणं ठेवलेलं असतं. फटीत नीट बसतं ते आधी दोनदा फिरवून बघितलं, आणि घरातल्या सगळ्यांना, कामाला येणाऱ्या मावशींना पण, ते कुठे आहे आणि कसं फिरवायचं ते दाखवून ठेवलंय. पाहुणे आले की त्यांनाही दाखवणार.