बडोद्यातील रविवारचा इंग्रजी वाचनवर्ग: वर्ग उत्तम, शब्दयादी सुमार

दांडिया बाजारात दर रविवारी सकाळी भरणाऱ्या एका इंग्रजी वाचनवर्गाला मी आणि अकरावीत शिकणारी माझी पुतणी यंदाच्या पावसाळ्यात जात होतो. एका तुकडीत एकच इंग्रजी कादंबरी अथपासून इतिपर्यंत वाचायची आणि वाचता वाचता शब्दसंग्रह वाढवायचा, असे या वर्गाचे साधे स्वरूप आहे. आमच्या तुकडीसाठी जॉर्ज ऑर्वेल यांची १९४९ साली प्रसिद्ध झालेली ‘नाइन्टीन एटी-फोर’ ही माणसाच्या विचारांवरही पाळत ठेवणाऱ्या हुकूमशाही राज्याची कादंबरी निवडली होती. मुलांच्या हाती इतके काळेकुट्ट पुस्तक कशाला द्यायचे, म्हणून काही पालकांनी नाके मुरडली. मला मात्र ही निवड हीच वर्गाची सर्वांत जमेची बाजू वाटली.

त्याचे कारण असे की, साध्या गोष्टीच्या पुस्तकात अडलेला शब्द आपण बिनदिक्कत ओलांडून जातो आणि त्यावाचून फारसे बिघडतही नाही. या कादंबरीत मात्र राज्य, कायदे, घरातली यंत्रे, सारेच कल्पित असल्यामुळे, समोरचा शब्द आपल्याला येत नाही म्हणून अनोळखी आहे की लेखकानेच तो घडवला आहे, हे ठरवल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. सरांनी पहिल्याच दिवशी वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारायला लावली. ‘टेलिस्क्रीन’, ‘थॉटक्राइम’, ‘अनपर्सन’ हे घडवलेले शब्द एका बाजूला आणि शब्दकोशात सापडणारे, पण आपल्याला नवे असलेले शब्द दुसऱ्या बाजूला. शब्द कोणत्या बाजूला लिहायचा, यावरून मुलांमध्ये जी वादावादी होई, तीतच निम्मे शिकणे होऊन जात असे.

परिच्छेद संपेपर्यंत शब्दकोश उघडायचा नाही आणि आपला अंदाज आधी पेन्सिलीने लिहायचा, असा येथे नियम आहे. कादंबरीच्या आरंभीच कच्च्या लोखंडाच्या उत्पादनाचे आकडे वाचणारा एक ‘फ्रूटी’ आवाज येतो. हा शब्द येताच वर्गात त्या नावाच्या आंब्याच्या पेयावरून हशा पिकला आणि बहुतेकांनी ‘गोड आवाज’ असे लिहिले. सरांनी काही न सांगता ते वाक्य जुन्या रेडिओवरच्या निवेदकासारखे भरदार, घोळवून आणि किंचित आत्मसंतुष्ट सुरात वाचून दाखवले, तेव्हा कोणालाही शब्दकोश उघडावा लागला नाही. त्याच वाक्यातल्या ‘पिग-आयर्न’पाशी मात्र सरही थांबले. मकरपुऱ्यातल्या औद्योगिक वसाहतीत ओतकामाच्या कारखान्यात नोकरी केलेले एक काका आमच्या तुकडीत होते. त्यांनी उठून सांगितले की, भट्टीतून निघालेला लोखंडाचा रस पूर्वी वाळूत केलेल्या खाचांमध्ये सोडत असत; मधल्या लांब पाटाला लागून असलेल्या त्या आखूड खाचा डुकरिणीला लुचणाऱ्या पिलांसारख्या दिसत, म्हणून त्या लोखंडाला हे नाव पडले. अकरावीची मुले आणि निवृत्त माणसे एकत्र बसवण्याचा लाभ तो हाच.

आता तक्रारीकडे वळतो. प्रत्येक प्रकरणाआधी नवीन शब्दांच्या यादीची झेरॉक्स हाती दिली जाते आणि तिचे वेगळे पैसे घेतले जातात. या यादीत प्रत्येक शब्दापुढे हिंदी आणि गुजराती असा एकेकच अर्थ आहे, आणि तो पुस्तकातला नसून खिशातल्या शब्दकोशातला आहे. नायक विन्स्टन याच्या चेहऱ्याला कादंबरीत ‘सँग्विन’ म्हटले आहे. तेथे त्याचा अर्थ लालसर, रक्ताची झाक असलेला असा आहे. शेजारीच त्याच्या फिकट केसांचे आणि भरड साबणाने खरखरीत झालेल्या कातडीचे वर्णन आहे. यादीत मात्र ‘आशावादी’ असा अर्थ छापला होता, म्हणजे ज्या पुस्तकात आशेला कोठेच थारा नाही, त्याचा नायक आरंभीच आशावादी चेहऱ्याने उभा केला गेला. सरांच्या हे लक्षात आणून दिल्यावर त्यांनी वर्गात दुरुस्ती सांगितली, परंतु उशिरा आलेल्यांना नंतर तीच यादी जशीच्या तशी मिळाली. परिच्छेद वाचण्याआधीच अर्थ हाती पडत असेल, तर पेन्सिलीच्या अंदाजाला तरी काय अर्थ उरतो?

सर्वांत रंगला तो पहिल्या भागातील पाचव्या प्रकरणाचा रविवार. लोकांच्या विचारांना वावच उरू नये म्हणून शब्द कमी करत नेलेल्या सरकारी नवभाषेच्या (‘न्यूस्पीक’च्या) शब्दकोशाची अकरावी आवृत्ती तयार करणारा साइम उपाहारगृहात बसून, आपण रोज किती शब्द मारतो, हे अभिमानाने सांगतो. सरांनी प्रत्येकाला स्वतःचाच एक जुना निबंध ‘गुड’, ‘अनगुड’ आणि ‘प्लसगुड’ एवढ्याच विशेषणांत पुन्हा लिहायला लावला आणि नंतर गेलेले शब्द एकेक करून परत आणायला सांगितले. सहलीपासून परीक्षेपर्यंत सगळ्याला ‘नाइस’ म्हणणाऱ्या माझ्या पुतणीला त्या दिवशी दहा विशेषणे शोधावी लागली. सयाजीराव महाराजांच्या राज्याने १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ काढून राज्यकारभारातल्या इंग्रजी शब्दांना अनेक भाषांतले पर्याय शेजारी शेजारी मांडले होते. त्याच बडोद्यात बसून शब्द छाटणाऱ्या सरकारची गोष्ट वाचताना सरांना या ग्रंथाची आठवण होऊ नये, याचे नवल वाटले.

नवभाषेवरील परिशिष्टाला मात्र अगदीच थोडा वेळ मिळाला. ऑर्वेल १९५० साली वारले आणि भारतातील साठ वर्षांची स्वामित्वहक्काची मुदत कधीच संपली, त्यामुळे या कादंबरीच्या स्वस्त आवृत्त्या ढिगाने मिळतात. त्यांपैकी आमच्या तुकडीत आलेल्या काही प्रतींत परिशिष्टच नव्हते. अमेरिकेतील एका पुस्तक मंडळाने हेच परिशिष्ट गाळण्याची सूचना केली असता, मोठ्या खपावर पाणी सोडावे लागण्याचा धोका पत्करून ऑर्वेल यांनी तिला नकार दिला होता. शब्द शिकवणाऱ्या वर्गाने तरी ते घाईघाईने उरकायला नको होते. त्याऐवजी गोल्डस्टाइन या कादंबरीतल्या राज्यद्रोह्याच्या ग्रंथाचा लांबलचक उतारा ओळ न् ओळ वाचण्यात जो वेळ गेला, त्यात लहान मुले पेंगू लागली.

शुल्क एका विषयाच्या शिकवणीच्या निम्मे आहे, खोली पहिल्या मजल्यावर आहे आणि गाडी लावायला खाली जागा मिळत नाही. तिसऱ्या भागातील छळाची वर्णने पाहता दहावीच्या खालच्या मुलांना या कादंबरीच्या तुकडीत पाठवू नये. स्पर्धा परीक्षेसाठी शब्द पाठ करू इच्छिणाऱ्यांची येथे निराशा होईल. पुढील तुकडी दिवाळीनंतर सुरू होणार असून तिच्यासाठी ऑल्डस हक्सली यांची १९३२ सालची ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ ठरली आहे. नाव नोंदवताना कोणती आवृत्ती घ्यायची ते आधी विचारून घ्यावे, आणि यादीच्या झेरॉक्सचे पैसे मागितले तर ते देऊ नयेत.