मीटर नवा होता, इंजिन नव्हतं

मला ज्याने फसवलं तो माझ्याशी फारसं खोटं बोललाच नाही. हे आधीच सांगतो, कारण "लोक असल्या थापांना भुलतात तरी कसे" असं मीही पूर्वी ऐटीत विचारायचो. या माणसाचं कुठलंही वाक्य तपासायला घेतलं की ते खरं निघायचं. फक्त ते अर्ध्यावर सोडलेलं असायचं.

गायरोप्लेनमध्ये मी पहिल्यांदा बसलो तो मागच्या सीटवरचा पाहुणा म्हणून, जेमतेम वीस मिनिटं. डोक्यावर रोटर, म्हणजे लांब पात्यांचा पंखा, फिरत असतो, पण त्याला इंजिन फिरवत नाही. इंजिन फक्त पाठीमागचा प्रोपेलर फिरवतं आणि यंत्र पुढे जाऊ लागलं की पात्यांमधून खालून वर जाणारी हवाच रोटरला मिनिटाला ३०० ते ४०० फेरे घालायला लावते. मला हे इतकं आवडलं की उतरलो तो स्वतःचं गायरो बांधायचं ठरवूनच. शिकायचं नंतर, बांधायचं आधी. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!

महिन्याभरातच एक विकणारा भेटला. एका सीटचं, अर्धं बांधून झालेलं गायरो, रोटॅक्स ५८२ इंजिन, रोटरची दोन पाती, आणि वर "उडवायला मी शिकवतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत." माणूस मोठा गोड. इतिहास तोंडपाठ. स्पेनच्या ख्वान दे ला सिएर्वाचं तीन इंजिनांचं विमान १९१९ मध्ये स्टॉल होऊन, म्हणजे वेग पडून पंखांची उचल तुटल्याने, कोसळलं, म्हणून तो स्टॉल न होणाऱ्या यंत्राच्या मागे लागला आणि १९२३ मध्ये त्याने ते उडवून दाखवलं. "आणि स्वतः सिएर्वा गेला कशात, माहीत आहे? १९३६ साली, साध्या प्रवासी विमानात, प्रवासी म्हणून!" मी घरी जाऊन वाचलं. अक्षर न् अक्षर खरं. झालं, माझा विश्वास बसला. इतिहास खरा सांगणारा माणूस बोल्टही खरेच लावेल, असं मी का धरून चाललो याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही.

इसार दिला. आठ दिवसांत "दुसरं गिऱ्हाईक पाती उचलायला बसलंय" असा फोन आला आणि उरलेली रक्कमही दिली. दोन वर्षांची बचत होती ती.

आता त्याच्या अर्ध्या वाक्यांकडे येतो. "इंजिन बंद पडलं तरी गायरो दगडासारखं पडत नाही, अलगद खाली येतं." खरं आहे. पण रोटर फिरत राहतो तो यंत्राचं वजन त्याच्यावर लटकलेलं असेपर्यंतच. स्टिक, म्हणजे हातातली चालवायची दांडी, झटक्यात पुढे ढकलली की वजन सुटतं, पात्यांमधून वर जाणारी हवा तुटते आणि फेरे मंदावतात. त्यातच प्रोपेलरच्या रेट्याची रेषा गुरुत्वमध्याच्या वर असेल, तर नेमक्या त्याच क्षणी इंजिन नाकाला खाली लोटतं आणि यंत्र कोलांटी घेतं. पाती शेपटीवर नाहीतर प्रोपेलरवर आदळतात. सावरायला वेळच मिळत नाही. हा उरलेला अर्धा भाग मला पैसे दिल्यानंतर कळला.

आडवी शेपटी इतकी इवलीशी का, असं मी विचारलं होतं. उत्तर तयार होतं: "बेन्सनच्या यंत्राला तरी कुठे मोठी होती?" इगोर बेन्सन यांनी १९५० च्या दशकात घरी बांधण्याजोगे आराखडे विकायला काढले आणि घरगुती गायरोंची परंपरा तिथून फोफावली, हे खरंच. त्यांच्या यंत्राला मोठी आडवी शेपटी नव्हती, हेही खरं. पण माझ्या यंत्रात मोठा प्रोपेलर बसावा म्हणून इंजिन उचलून वर बसवलं होतं. शेपटी जुन्या यंत्राची, इंजिनाची उंची भलतीच, आणि दाखला मात्र बेन्सनचा.

लायसन्स दाखवा म्हटलं तर तेही दाखवलं. अस्सल होतं. होतं मात्र साध्या विमानाचं, प्रशिक्षकाचं नव्हे आणि गायरोचं तर नव्हेच. मी फोटो आणि नाव जुळतंय एवढंच पाहिलं. ही चूक दिसते त्याहून मोठी आहे. साध्या विमानात नाक वर गेलं, वेग पडला की स्टिक पुढे ढकलायची सवय हाडात भिनलेली असते. गायरोत तीच सवय जीव घेते. म्हणजे ज्याच्याकडून मी शिकणार होतो, त्याचा अनुभव माझ्या उपयोगाचा नव्हता, उलट घातक होता.

आणि शिकवणार कसा? यंत्रात सीट एकच. तो धावपट्टीच्या कडेला उभा राहून हातवारे करणार, मी आत एकटा. "आधी नुसतं जमिनीवर पळवायचं, मग हळूच वीतभर उचलायचं." पहिल्याच दिवशी रोटरला पुरेसे फेरे मिळायच्या आत मी थ्रॉटल पुढे सारला. यंत्र वेगाने पळू लागलं, पाती वरखाली फडफडायला लागली आणि स्टिक हातात पिसाळल्यासारखी गुडघ्यांवर आपटू लागली. थ्रॉटल बंद केला तो अकलेने नव्हे, घाबरून. हा म्हणतो, "होतं असं सुरुवातीला." होतं ना! पण तशी फडफडलेली पाती शेपटी कापू शकतात, यंत्र उलथवू शकतात, हे त्याने आधी सांगितलं नाही आणि नंतरही नाही.

त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी, ज्यांच्या मागच्या सीटवर मी बसलो होतो त्या काकांना फोन केला. ते म्हणाले, "उडवू नकोस. पळवूही नकोस. मी येतो."

काका आले ते दोरा, ओळंबा आणि एक नाणं घेऊन. नाणं पात्यावर टोकापासून मुळापर्यंत टकटक वाजवत नेलं. एका जागी आवाज बद्द आला. तिथला रंग खरवडला तर खाली पुट्टी. पातं कधीतरी आपटलेलं होतं. "नुकताच रंग दिलाय" असं विकणाऱ्याने अभिमानाने सांगितलं होतंच की! पात्यांच्या मुळाशी कोरलेले क्रमांक वेगवेगळ्या जोड्यांचे होते. दोरा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणला, तर तो हबच्या, म्हणजे दोन्ही पाती जिथे जोडलेली असतात त्या भागाच्या, मध्यावरून जातच नव्हता.

मग बोल्ट. विमानाच्या पोलादी बोल्टच्या डोक्यावर फुलीसारखी खूण असते. माझ्या मास्टच्या, म्हणजे रोटर ज्यावर बसतो त्या खांबाच्या, बोल्टांवर ८.८ लिहिलं होतं, म्हणजे हार्डवेअरच्या दुकानातले. भोकं पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटर, आणि त्यात ६ मिलिमीटरचे बोल्ट. काकांनी मास्ट हलवून दाखवला. खुटखुट ऐकूनच पोटात गोळा आला.

शेवटी मला सीटवर बसवून सगळं यंत्र रोटरच्या मुख्य बोल्टला टांगलं, ओळंब्याची रेषा आखली, मग टांगायची जागा बदलून दुसरी रेषा आखली. दोन्ही जिथे छेदतात तो गुरुत्वमध्य. प्रोपेलरचा आस त्याच्यापेक्षा चांगला वीतभर वर होता. काका बराच वेळ काही बोललेच नाहीत.

इंजिन किती तास चाललं ते मोजणाऱ्या अवर मीटरवर अकरा तास दिसत होते. मीटर खरोखरच नवा होता. इंजिन उघडलं तेव्हा पिस्टनवरचे ओरखडे पाहून मेकॅनिक हसलाच. या इंजिनाला ३०० तासांनी ओव्हरहॉल सांगितलेलं आहे. याने ते कधीच ओलांडलं असावं, असं त्याचं मत पडलं. लॉगबुक, म्हणजे तासांची आणि दुरुस्त्यांची नोंदवही, मी मागितलं होतं. "जुन्या मालकाकडे राहिलंय, पाठवतो" हे उत्तर मी चार वेळा ऐकून घेतलं. लॉगबुकाशिवाय इंजिन आणि पाती भंगाराच्या भावाने घ्यायची असतात, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का? तेव्हाच्या मला मी ओळखतो. नसतं ऐकलं.

विकणाऱ्याला फोन केला. शांतपणे म्हणाला, "मी कुठे खोटं बोललो ते दाखवा." मला पटकन दाखवता येईना. लेखी काही नव्हतं. असतं तर "पाती कधी आपटलेली नाहीत" एवढं एक वाक्य पुरलं असतं. कुणी काही विकत घेणार असाल तर ते वाक्य त्याच्या हाताने लिहून, सही करून घ्या. लिहायला टाळाटाळ केली तर तिथूनच परत फिरा. आणि टांगून पाहण्याची चाचणी पैसे देण्याआधी करा, तीही विकणाऱ्याशी काही देणंघेणं नसलेल्या माणसाकडून.

पैसे परत मिळाले नाहीत. आता मी दोन सीटच्या गायरोत, गायरो शिकवण्याचाच परवाना असलेल्या प्रशिक्षकाशेजारी बसून शिकतोय. पहिले कित्येक तास त्यांनी मला फक्त कमी वेगातलं उड्डाण आणि स्टिक हळू हलवणं एवढंच करायला लावलं. बांधायचं स्वप्न सोडलेलं नाही, पण सांगाडा नवा, आराखड्याबरहुकूम.

जुनी पाती मी करवतीने मधोमध कापली. इंजिन अजून कोपऱ्यात पडलंय. दोघांनी विचारलं. मी आधी मीटरची गोष्ट सांगितली. दोघांचाही परत फोन आला नाही.