थिसिस स्टेटमेंट जनरेटर: साचा मिळतो, धार आपणच लावायची

मत पटवून देणाऱ्या निबंधासाठी मध्यवर्ती विधान तयार करून देणारी ही ऑनलाइन साधनं साधारण एकाच पद्धतीने चालतात. विषय, आपली बाजू, कारणं आणि विरुद्ध मत हे रकाने भरले की वाक्य तयार. यातला विरुद्ध मताचा रकाना सर्वांत मोलाचा. तो रिकामा सोडू नका.

घोळ होतो तो भरताना. ‘मोबाइल आणि शाळा’ एवढंच टाकलं की ‘मोबाइलचे फायदे आणि तोटे आहेत’ असं गुळमुळीत वाक्य हाती येतं. त्यावर कोण वाद घालणार? तेच ‘गृहपाठाला फोन लागतो हे खरं, पण तासाला तो वर्गाबाहेरच ठेवावा, कारण शेजारच्या बाकावरची थरथरही लक्ष मोडते’ असं केलं की बाजू, कारण आणि मर्यादा तिन्ही स्पष्ट होतात.

आलेलं वाक्य उलटं करून पाहा. विरुद्ध बाजूने बोलणारा कुणी समंजस माणूस सापडत नसेल, तर ती नुसती माहिती आहे, दावा नाही. ‘अनेक’, ‘विविध’, ‘महत्त्वाचे’ असे भरताड शब्द आधी काढा. कारणं दोन-तीनच ठेवा. परिच्छेदही त्याच क्रमाने यायला हवेत.

कच्चा खर्डा म्हणून उपयोगी. जसंच्या तसं उतरवायला मात्र अजिबात नाही.