१९११ साठी दोन्ही बाजूंची थंब सेफ्टी : एका डावखुऱ्याचं मत

मी डावखुरा. १९११ हे जॉन ब्राउनिंगने घडवलेलं अमेरिकन लष्करी पिस्तूल. त्या घराण्याच्या पिस्तुलाची थंब सेफ्टी, म्हणजे गोळी चुकून सुटू नये म्हणून अंगठ्याने वर-खाली करायचा खटका, मुळात फक्त डाव्या बाजूला, उजव्या हाताच्या अंगठ्याखाली. म्हणजे जे बोट ट्रिगरवर जायचं, त्याच बोटाने मी आधी खटका खाली पाडायचा. ब्राउनिंगच्या १९१० च्या नमुन्यात हा खटका नव्हताच. अमेरिकन घोडदळाने आग्रह धरला म्हणून आला. डावखुऱ्या स्वाराला कुणी विचारलं नसावं! शेवटी दोन्ही बाजूंना खटका असलेली ही सेफ्टी घेतली.

पाकिटावर लिहिलंय, ‘थेट बसते’. बसत नाही, आणि मला तेच आवडलं. सेफ्टीच्या आतल्या अंगाला छोटा उंचवटा असतो. खटका वर केला की हा उंचवटा सिअरला (ताणलेला हॅमर, म्हणजे गोळीवर घाव घालणारा घोडा, धरून ठेवणाऱ्या भागाला) अडवतो, हलू देत नाही. पण प्रत्येक पिस्तुलात सिअरची जागा केसभर इकडेतिकडे असते. त्यामुळे जी सेफ्टी कुठल्याही पिस्तुलात अलगद सरकते, तिच्याबद्दल मला शंकाच येते. हिच्या उंचवट्यावर धातू मुद्दाम जास्त ठेवलाय. माझ्या पिस्तुलात सुरुवातीला खटका वर जाईचना.

काम गनस्मिथकडे, म्हणजे बंदूक दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे दिलं आणि शेजारी बसून पाहिलं. मॅगझिन (गोळ्यांची पेटी) बाहेर, चेंबर (नळीतली गोळीची जागा) डोळ्यांनी आणि बोटानेही तपासलेलं. मग उंचवट्यावर काळं मार्कर, सेफ्टी आत, खटका वर रेटायचा, सेफ्टी परत बाहेर. काळं पुसून जिथे धातू चमकला, तिथे बारीक कानशीचा एक हात. पुन्हा मार्कर. बघणाऱ्याला कंटाळा येतो, पण घाईने जास्त घासलं गेलं तर सेफ्टी सरळ भंगारात. आणि कानस लावायची ती सेफ्टीलाच, सिअरला नाही.

तपासणी मात्र बघण्यासारखी होती. हॅमर ताणून सेफ्टी वर, ग्रिप सेफ्टी (मुठीमागची, पकडीने दबणारी दुसरी सेफ्टी) दाबून ट्रिगर जोरात ओढला, सोडला, मग सेफ्टी खाली. हॅमर पडला नाही. पुष्कळजण इथेच समाधान मानतात. गनस्मिथने रिकामं पिस्तूल कानाजवळ नेऊन हॅमर अंगठ्याने जरासा मागे ओढला. ‘टिक’ वाजलं असतं तर सिअर ट्रिगरच्या दाबाने थोडा सरकला होता आणि आता जागेवर परतला, असा अर्थ. वाजलं नाही. खटका वर असताना स्लाइडही (पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग) हलत नव्हती.

आता तक्रारी. उजवा आणि डावा भाग मधोमध खाचेत अडकतात. त्या सांध्यात किंचित ढिलाई आहे. डाव्या खटक्याला स्प्रिंगवरच्या पिनचा ठसठशीत टक्क मिळतो, उजवा त्या मानाने मऊ. कडा इतक्या तीव्र की अंगठ्याला बोचतात. पॉलिश पेपर फिरवावा लागला. उजव्या खटक्याची पट्टी ग्रिपच्या फळीखाली जाते, त्यासाठी फळी आतून कोरावी लागली. याचा पाकिटावर चकार शब्द नाही.

खटका रुंद असल्याने जुन्या होल्स्टरच्या (पिस्तुलाच्या म्यानाच्या) कडेला घासून आपोआप खाली जायचा. हा प्रकार धोक्याचा, म्हणून होल्स्टर बदललं. डावखुऱ्यांनी जरूर घ्यावी. उजव्या हाताने चालवणाऱ्यांना एका बाजूचीच बरी.